पारदर्शक पार्श्वभूमीची छायाचित्रे : फाइल-स्वरूपांची निवड

छायाचित्रातील मुख्य वस्तू तेवढी राखून तिच्याभोवतालचा भाग दिसेनासा केला आणि ती वस्तू कोणत्याही रंगावर वा दुसऱ्या चित्रावर ठेवली असता मागील भाग जसाच्या तसा दिसू लागला, म्हणजे अशा अंकीय प्रतिमेस पारदर्शक पार्श्वभूमीची प्रतिमा म्हणतात. वस्तुसंग्रहालयांच्या सूची, पाठ्यपुस्तके, जाहिराती, विक्रीची संकेतस्थळे, चित्रपट व दूरचित्रवाणी यांत अशा प्रतिमांचा नित्य उपयोग होतो. त्या साठविण्यासाठी जीआयएफ, पीएनजी, टिफ, वेबपी, एव्हीआयएफ इ. फाइल-स्वरूपे प्रचारात आहेत. छायाचित्रांचे सर्वांत रूढ स्वरूप जे जेपीईजी, ते मात्र या कामी निरुपयोगी ठरते. ही स्वरूपे केवळ आकारमानाने वा लोकप्रियतेने भिन्न नाहीत. पारदर्शकतेविषयीची किती माहिती जपली जाते व किती टाकून दिली जाते, हा त्यांतील खरा भेद होय. एकदा टाकलेली माहिती मूळ फाइल वा मूळ वस्तू हाताशी नसेल, तर पुन्हा मिळविता येत नाही. म्हणून स्वरूपाची निवड ही निव्वळ सोयीची बाब नसून जतनाची बाब आहे.

पूर्वेतिहास : एका चित्रातील आकृती वेगळी काढून दुसऱ्या चित्रात बसविण्याची कल्पना संगणकापूर्वीची आहे. ऑस्कर रायलँडर यांनी १८५७ मध्ये तीसहून अधिक निगेटिव्हांतील भाग एकत्र छापून एक मोठे रूपकात्मक छायाचित्र तयार केले होते. छपाईचे ठसे करण्यापूर्वी छायाचित्रातील नको असलेला भाग अपारदर्शक रंगाने झाकून टाकण्याची पद्धत छापखान्यांत रूढ होती. चित्रपटात याच हेतूने ‘मॅट’ वापरीत. मॅट म्हणजे आकृतीच्या जागी काळी व इतरत्र पारदर्शक असणारी (किंवा याच्या उलट) वेगळी फिल्मपट्टी होय. दोन दृश्ये एकाच फिल्मवर छापताना मॅटमुळे एकाचा प्रकाश दुसऱ्याच्या जागी पोहोचत नसे [⟶ छायाचित्रण, चित्रपट].

मॅटची ही कल्पना संगणकाच्या प्रतिमेतच समाविष्ट करण्याचे काम एड कॅटमल व आल्व्ही रे स्मिथ यांनी न्यूयॉर्क इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत १९७७-७८ च्या सुमारास केले. प्रत्येक बिंदूच्या रंगाबरोबरच त्या बिंदूची अपारदर्शकता सांगणारी एक संख्या त्यांनी साठविली. दोन रंगांच्या मिश्रणाचे प्रमाण दाखविण्यासाठी सूत्रात वापरलेल्या ग्रीक अक्षरावरून या संख्येस ‘आल्फा’ व अशा सर्व संख्यांच्या समूहास ‘आल्फा चॅनेल’ हे नाव मिळाले. १९८४ मध्ये ल्यूकसफिल्म या कंपनीतील टॉमस पोर्टर व टॉम डफ यांनी अशा प्रतिमा एकमेकींवर ठेवण्याचे गणित सुसंगत रीतीने मांडले. या चौघांना त्याबद्दल अमेरिकेच्या चलच्चित्र अकादमीचा तांत्रिक पुरस्कार १९९६ मध्ये देण्यात आला. आजची जवळजवळ सर्व चित्रसंपादनाची साधने याच गणितावर चालतात.

तत्त्व : अंकीय छायाचित्र हे चौकटीत मांडलेल्या असंख्य चित्रबिंदूंचे (पिक्सेलांचे) बनलेले असते. प्रत्येक चित्रबिंदूसाठी सामान्यतः तांबडा, हिरवा व निळा या तीन घटकांची मूल्ये ० ते २५५ या मर्यादेत नोंदविलेली असतात व प्रत्येक मूल्यास एक बाइट जागा लागते. आल्फा हे चौथे मूल्य होय. त्याचे मूल्य शून्य असता चित्रबिंदू पूर्ण पारदर्शक व कमाल असता पूर्ण अपारदर्शक समजतात. ही कमाल मर्यादा १ मानली, तर पडद्यावर दिसणारा रंग पुढील सूत्राने मिळतो :

दृश्य रंग = (आल्फा × वस्तूचा रंग) + (१ − आल्फा) × पार्श्वभूमीचा रंग.

३,००० × २,००० चित्रबिंदूंच्या छायाचित्रात ६० लक्ष चित्रबिंदू असतात. तीन घटकांसाठी १·८ कोटी बाइट व आल्फासह २·४ कोटी बाइट इतकी माहिती त्यासाठी लागते. संकोचनाने फाइल लहान होते. परंतु आल्फाची माहिती मुळात साठविलीच नाही, तर संकोचनाच्या कोणत्याही युक्तीने ती निर्माण होत नाही.

आल्फाच्या मधल्या मूल्यांचे महत्त्व वस्तूच्या कडेला कळून येते. पितळी समईची कड बरीचशी स्पष्ट असते. पण केस, पिसे, शालीच्या दशा, लोकरीचे तंतू यांच्या कडेवरील चित्रबिंदूत काही भाग वस्तूचा व काही भाग मागील पार्श्वभूमीचा असतो. केसाचा एक धागा चित्रबिंदूचा ०·४ भाग व्यापतो, केसाच्या रंगाचे मूल्य ३० आहे व मागे पांढरा पडदा म्हणजे २५५ आहे असे समजू. दृश्य मूल्य (०·४ × ३०) + (०·६ × २५५) म्हणजे १६५ येईल. हीच आकृती २० मूल्याच्या गडद पार्श्वभूमीवर ठेवायची असेल, तर योग्य मूल्य (०·४ × ३०) + (०·६ × २०) म्हणजे २४ आहे. आल्फा न जपता कडेचा बिंदू १६५ या मूल्यासह अपारदर्शक म्हणून उचलला, तर गडद पृष्ठावर २४ ऐवजी १६५ दिसेल. कापून चिकटविलेल्या आकृतीभोवती जी फिकट प्रभा दिसते, तिचे कारण बहुधा हेच असते.

हरवलेला आल्फा परत का मिळत नाही, हेही याच उदाहरणावरून स्पष्ट होते. १६५ हे मूल्य ३० रंगाच्या व ०·४ आल्फाच्या केसामुळे येते, ७५ रंगाच्या व ०·५ आल्फाच्या केसामुळेही येते आणि १६५ रंगाच्या पूर्ण अपारदर्शक तंतूमुळेही येते. पार्श्वभूमीचा रंग ठाऊक असला, तरी तीन रंगघटकांची तीन समीकरणे व चार अज्ञात राशी (वस्तूचे तीन घटक व आल्फा) अशी स्थिती राहते. अशा समीकरणांना एकच एक उत्तर नसते. संगणकीय साधने पार्श्वभूमी आपोआप काढतात, तेव्हा ती शेजारच्या बिंदूंवरून किंवा पूर्वी पाहिलेल्या असंख्य चित्रांवरून आल्फाचा अंदाज करतात. अंदाज पुष्कळदा उत्तम असतो. पण ते मापन नव्हे.

खरे मापन करावयाचे असल्यास एकच स्थिर वस्तू दोन वेगळ्या पार्श्वभूमींपुढे ठेवून दोन छायाचित्रे घेतात. या पद्धतीचे गणित आल्व्ही रे स्मिथ व जेम्स ब्लिन यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केले. वरील केसाचे मूल्य पांढऱ्या पडद्यापुढे १६५ व पूर्ण काळ्या पडद्यापुढे (० मूल्य) १२ येते. दोहोंतील अंतर १५३ म्हणजे २५५ च्या ०·६ पट आहे. त्यावरून आल्फा ०·४ ठरतो व १२ भागिले ०·४ केले असता केसाचे मूळ मूल्य ३० मिळते. यासाठी कॅमेरा, वस्तू व प्रकाशयोजना जराही हलता कामा नये, पडद्याचा प्रकाश वस्तूवर परावर्तित होऊ नये आणि कॅमेऱ्याची मूल्ये प्रकाशाच्या प्रमाणात असावीत. संग्रहालयातील निर्जीव वस्तूंस ही पद्धत लागू करता येते. हलणाऱ्या व्यक्तीस अर्थातच येत नाही.

प्रमुख फाइल-स्वरूपे : पारदर्शकतेच्या दृष्टीने या स्वरूपांचे तीन वर्ग पडतात : आल्फा मुळीच न जपणारी, केवळ ‘आहे’ किंवा ‘नाही’ एवढेच जपणारी आणि मधली सर्व मूल्ये जपणारी.

(१) जेपीईजी : या स्वरूपाचे मानक १९९२ मध्ये निश्चित झाले. चित्राचे ८ × ८ बिंदूंचे तुकडे पाडून डोळ्यास सहज न जाणवणारे सूक्ष्म फरक त्यात टाकून देतात. अशा संकोचनास हानियुक्त संकोचन म्हणतात. निसर्गदृश्ये व व्यक्तिचित्रे यांसाठी ते फार काटकसरीचे आहे. नित्य वापरातील जेपीईजी फाइलमध्ये आल्फाला जागा नाही. पारदर्शक प्रतिमा या स्वरूपात साठविली, की संपादनाचे साधन मोकळ्या जागी पांढरा, काळा वा अन्य एखादा रंग भरते आणि कडेचे बिंदू त्या रंगात कायमचे मिसळतात. शिवाय स्पष्ट कडेभोवती ८ × ८ च्या तुकड्यांमुळे बारीक लहरी व डाग उमटतात. त्यामुळे नंतर पार्श्वभूमी काढणे अधिकच अवघड होते. काही साधने जेपीईजी फाइलमध्ये वस्तूच्या बाह्यरेषेची नोंद करू शकतात व पृष्ठरचनेची साधने ती वाचतात. पण अशी बाह्यरेषा ही कात्रीने कापल्यासारखी असते आणि ब्राउझर तिची दखल घेत नाहीत.

(२) जीआयएफ : हे स्वरूप काँप्यूसर्व्ह या कंपनीने १९८७ मध्ये प्रसृत केले व १९८९ च्या सुधारित आवृत्तीत पारदर्शकतेची सोय केली. एका चित्रात अधिकात अधिक २५६ रंगांची सूची असते व त्यांपैकी एक रंग ‘पारदर्शक’ म्हणून नेमता येतो. म्हणजे प्रत्येक बिंदू एकतर पूर्ण दिसतो किंवा मुळीच दिसत नाही. वरील उदाहरणातील ०·४ आल्फाला येथे स्थान नाही; तो बिंदू ० किंवा १ मानावा लागतो. परिणामी कड पायऱ्यापायऱ्यांची दिसते. तीन घटकांची प्रत्येकी २५६ मूल्ये धरली, तर १,६७,७७,२१६ रंग शक्य असतात. छायाचित्रातील रंगांचा हा विस्तार २५६ रंगांत बसविताना त्वचा व आकाश यांवर पट्टे किंवा ठिपके उमटतात. साध्या बोधचिन्हांसाठी व लहान चलच्चित्रांसाठी जीआयएफ चालते. छायाचित्रांसाठी ते अयोग्य होय.

(३) पीएनजी : जीआयएफमधील संकोचनाची रीत पेटंटने बांधलेली होती आणि ती वापरणाऱ्या साधनांकडून शुल्क घेतले जाईल, असे १९९४ च्या अखेरीस जाहीर झाले. त्यामुळे मुक्त वापराचे नवे स्वरूप रचण्याच्या खटपटीस टॉमस बूटेल यांच्या पुढाकाराने १९९५ च्या आरंभी सुरुवात झाली. त्यातून निघालेल्या पीएनजीस वर्ल्ड वाइड वेब संघाने १ ऑक्टोबर १९९६ रोजी मान्यता दिली. पुढे ते आंतरराष्ट्रीय मानकही झाले व त्याची तिसरी आवृत्ती जून २०२५ मध्ये प्रसिद्ध झाली. संबंधित अमेरिकन पेटंटची मुदत २००३ मध्ये संपली, तरी तोवर पीएनजीने आपले स्थान पक्के केले होते.

पीएनजीचे संकोचन हानिरहित आहे. म्हणजे फाइल उघडल्यावर प्रत्येक बिंदूचे मूल्य जसे साठविले तसेच मिळते. प्रत्येक घटकास ८ किंवा १६ बिट व तितक्याच बिटांचा आल्फा त्यात ठेवता येतो. ८ बिटांत पारदर्शकतेच्या २५६ व १६ बिटांत ६५,५३६ पायऱ्या मिळतात. २५६ रंगांच्या सूचीचा एक लहान प्रकारही त्यात आहे व त्यातील प्रत्येक रंगास स्वतंत्र आल्फा देता येतो. फाइल लहान करणारी साधने पुष्कळदा पूर्ण रंगांच्या छायाचित्राचे रूपांतर या सूचीयुक्त प्रकारात करतात. दोहोंचे नाव पीएनजीच राहत असल्याने झालेली हानी ध्यानात येत नाही. पीएनजीचा मुख्य दोष म्हणजे छायाचित्राच्या बाबतीत फाइल मोठी होते, कारण छायाचित्रातील सूक्ष्म चढउतार हानिरहित रीतीने फारसे आखडत नाहीत. छपाईस लागणारे सायन, मॅजेंटा, पिवळा व काळा असे चार शायांचे घटकही त्यात साठविता येत नाहीत.

(४) टिफ व संपादनाची थरयुक्त स्वरूपे : टिफ हे स्वरूप ऑल्डस कंपनीने १९८६ मध्ये आणले व त्याची सहावी आवृत्ती १९९२ मध्ये निघाली. ते अत्यंत लवचीक आहे. हानिरहित संकोचन, १६ बिटांची मूल्ये, चार शायांचे घटक व आल्फा या सर्वांची सोय त्यात आहे. आल्फा कोणत्या रीतीने साठविला आहे, हे फाइलमध्ये नोंदविता येते. पण सर्वच साधने ही नोंद पाळीत नाहीत. फोटोशॉपच्या पीएसडीसारख्या स्वरूपांत मूळ छायाचित्र व त्यावरील मास्क वेगवेगळ्या थरांत राहतात. त्यामुळे पार्श्वभूमी काढून टाकावी न लागता नुसती झाकली जाते व कडेची दुरुस्ती पुढे केव्हाही करता येते. ही स्वरूपे संपादन, छपाई व जतन यांसाठी योग्य आहेत, ब्राउझरसाठी नाहीत.

(५) वेबपी : गूगल कंपनीने २०१० मध्ये हे स्वरूप जाहीर केले, हानिरहित प्रकार व आल्फा यांची भर २०११ मध्ये पडली. रंगांची माहिती हानियुक्त व आल्फाची माहिती हानिरहित रीतीने एकाच फाइलमध्ये ठेवता येणे हा त्याचा विशेष होय. त्यामुळे कड अचूक राहून छायाचित्राची फाइल पीएनजीपेक्षा पुष्कळ लहान होते. त्याचे मूल्य ८ बिटांपुरते मर्यादित आहे व लांबी किंवा रुंदी १६,३८३ बिंदूंहून अधिक असू शकत नाही.

(६) एव्हीआयएफ : अलायन्स फॉर ओपन मीडिया या संघटनेने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेले हे स्वरूप एव्ही-१ या चलच्चित्र-संकोचनावर आधारलेले आहे. त्यात ८, १० किंवा १२ बिटांची मूल्ये राहतात व आल्फा हा स्वतंत्र एकरंगी साहाय्यक प्रतिमेच्या रूपाने साठवितात. ही साहाय्यक प्रतिमाही हानियुक्त रीतीने आखडता येते. म्हणून गुणवत्तेचा आकडा फार खाली आणल्यास बारीक केस पुसट होण्याचा संभव असतो. सर्व प्रमुख ब्राउझर २०२४ पासून हे स्वरूप वाचतात. जुन्या उपकरणांबाबत व कार्यालयीन साधनांबाबत मात्र तशी खात्री देता येत नाही.

याखेरीज जेपीईजी २००० व २०२२ मध्ये मानक म्हणून प्रसिद्ध झालेले जेपीईजी एक्सएल या स्वरूपांतही आल्फाची सोय आहे. नावसाधर्म्यामुळे त्यांचा जुन्या जेपीईजीशी घोटाळा करू नये. एसव्हीजी हे स्वरूप रेषा व आकार यांच्या वर्णनासाठी असून बोधचिन्हांस ते उत्तम होय. छायाचित्राच्या बिंदूंचे वर्णन त्याने साधत नाही.

आल्फा साठविण्याच्या दोन रीती : पहिल्या रीतीत वस्तूचा रंग जसाच्या तसा ठेवून आल्फा वेगळा नोंदवितात, पीएनजी ही रीत पाळते. दुसऱ्या रीतीत रंगाला आधीच आल्फाने गुणलेले असते. वरील उदाहरणात ३० ऐवजी १२ साठविले जाते. पोर्टर व डफ यांनी दुसरी रीत पुरस्कारिली, कारण तीत आकडेमोड सोपी होते. एका रीतीची फाइल दुसऱ्या रीतीची समजून उघडल्यास रंगाला दोनदा गुणले जाऊन काळपट कड किंवा मुळीच न गुणले जाऊन उजळ कड दिसते. चित्र लहानमोठे करतानाही ही काळजी घ्यावी लागते. शेजारच्या बिंदूंची सरासरी काढताना प्रत्येक रंगाला त्याच्या आल्फाचे वजन दिले नाही, तर पूर्ण पारदर्शक बिंदूंखाली दडलेला रंग कडेत पाझरतो.

दडलेल्या रंगाचा प्रश्न : पूर्ण पारदर्शक बिंदूलाही रंगाची तीन मूल्ये असतातच. पीएनजी फाइलमध्ये ती तशीच राहू शकतात. म्हणजे एखाद्या मुलाच्या छायाचित्रातील पार्श्वभूमी आल्फाने झाकली, तर पडद्यावर काही दिसत नसले तरी घराची पाटी, वाहनाचा क्रमांक वा शेजारी उभी असलेली व्यक्ती फाइलमध्ये शिल्लक असू शकते. आल्फा बाजूला सारताच कोणीही ती पाहू शकतो. झाकणे व पुसणे या भिन्न क्रिया आहेत. स्वतःजवळच्या मूळ प्रतीत झाकणे इष्ट असते, कारण दुरुस्तीस वाव राहतो. बाहेर देण्याच्या प्रतीत मात्र पारदर्शक भागातील रंग खरोखर पुसलेले असावेत. काही साधने निर्यात करताना हे आपोआप करतात, काही करीत नाहीत. म्हणून प्रत देण्यापूर्वी तपासणी आवश्यक ठरते.

निवडीचे निकष : निवड करताना प्रतीचा हेतू आधी ठरवावा.

जतनाची मूळ प्रत थरयुक्त स्वरूपात किंवा १६ बिटांच्या टिफ वा पीएनजीत, हानिरहित संकोचनासह ठेवावी आणि पार्श्वभूमीसह घेतलेले मूळ छायाचित्र तिच्याबरोबर सांभाळावे. पार्श्वभूमी काढण्याची साधने सुधारत आहेत. आज जो आल्फा अंदाजाने मिळाला, तो काही वर्षांनी अधिक चांगला मिळू शकेल, पण मूळ छायाचित्र असेल तरच. छायाचित्र घेतानाही कॅमेऱ्यातील असंस्कारित म्हणजे ‘रॉ’ फाइल ठेवणे श्रेयस्कर होय, कारण जेपीईजीचे डाग मुळातच उमटले, तर पुढील हानिरहित स्वरूप तेच डाग इमानाने जपत राहते.

संकेतस्थळासाठी पारदर्शक छायाचित्र वेबपी किंवा एव्हीआयएफ स्वरूपात द्यावे व ज्या ठिकाणी ती वाचली जाण्याची खात्री नसेल, तेथे पीएनजी वापरावे. पाहणाऱ्याचा डेटा व वेळ यांचा विचार येथे गौण नाही. मंद जोडणीवर मोठ्या पीएनजी फाइलींनी भरलेले पान उघडता उघडत नाही. पानाची पार्श्वभूमी कायम एकाच सपाट रंगाची असेल, तर पारदर्शकतेची गरजच नसते. तोच रंग मागे ठेवून काढलेली जेपीईजी प्रत पुरेशी होते. मात्र ती मूळ प्रत समजू नये.

छपाईसाठी टिफ किंवा थरयुक्त फाइल द्यावी. पृष्ठवर्णनाच्या पीडीएफ स्वरूपात पारदर्शकतेची सोय २००१ मधील १·४ या आवृत्तीपासून झाली. छपाईस पाठविण्याच्या पीडीएफ/एक्स-१ए या मानकात ती चालत नाही व सर्व थर आधीच एकजीव करावे लागतात. पीडीएफ/एक्स-४ या मानकात ती चालते. छापखाना कोणते मानक वापरतो, हे आधी विचारून घेतल्यास कडेची नासाडी टळते. ज्याच्याकडे कोणते साधन आहे हे ठाऊक नाही, अशा व्यक्तीस फाइल पाठवायची असेल, तर पूर्ण रंगांचे ८ बिटांचे पीएनजी हे सर्वांत सुरक्षित स्वरूप होय.

सामान्य चुका व तपासणी : फाइलच्या नावाचा शेवट ‘जेपीजी’ऐवजी ‘पीएनजी’ केल्याने स्वरूप बदलत नाही. जेपीईजीचे खरोखर पीएनजीत रूपांतर केले, तरी गेलेला आल्फा वा पुसले गेलेले तपशील परत येत नाहीत. केवळ फाइल मोठी होते. पारदर्शकता दाखविण्यासाठी संपादनाची साधने करड्या-पांढऱ्या चौकड्या दाखवितात. परंतु पुष्कळ फाइलींत या चौकड्या चित्राचाच भाग म्हणून रंगविलेल्या असतात व त्या कोणत्याही पृष्ठावर तशाच दिसतात. संदेशवहनाच्या अनेक उपयोजनांत छायाचित्र म्हणून पाठविलेली पारदर्शक प्रतिमा वाटेत जेपीईजीत बदलली जाते. ती दस्तऐवज म्हणून पाठविल्यास मूळ स्वरूप टिकते. तपासणीची सोपी रीत अशी, की प्रतिमा प्रथम पांढऱ्या, नंतर काळ्या व शेवटी एखाद्या भडक रंगाच्या पृष्ठावर ठेवून कड मोठी करून पाहावी. पांढऱ्यावर निर्दोष वाटणारी कड काळ्यावर उघडी पडते.

मर्यादा : चांगल्यात चांगल्या आल्फाने सर्व प्रकारची पारदर्शकता व्यक्त होत नाही. कंदिलाच्या काचेतून मागील दृश्य वक्रीभवनाने वाकडे होऊन दिसते, तर रंगीत काच काही रंग अधिक व काही कमी जाऊ देते. प्रत्येक बिंदूस एकच आल्फा असल्याने मागील चित्र वाकविणे किंवा प्रत्येक रंगास वेगळे प्रमाण देणे त्याला साधत नाही. वस्तूची सावली अर्धपारदर्शक काळ्या रंगाने दाखविता येते. पण ती मूळ प्रकाशयोजनेची असल्याने नव्या दृश्यात विसंगत ठरू शकते. मिश्रणाच्या आकडेमोडीतही एक भेद आहे. ते प्रकाशाच्या प्रमाणातील मूल्यांवर करणे भौतिकीच्या दृष्टीने योग्य असले, तरी बहुतेक ब्राउझर पडद्यासाठी संस्कारित केलेल्या मूल्यांवरच करतात. त्यामुळे एकच फाइल दोन साधनांत किंचित निराळी दिसू शकते. हा दोष फाइलचा नसून वाचणाऱ्या साधनाचा असतो. फाइलमधील माहिती शाबूत असल्यामुळे तो पुढे दुरुस्त करता येतो.

अधिक माहिती जपणाऱ्या स्वरूपापासून कमी माहिती जपणाऱ्या स्वरूपाकडे केव्हाही जाता येते, उलट वाट मात्र नाही. संग्रहातील एखादी जीर्ण शाल आज छायाचित्रित केली व तिची केवळ पांढऱ्या पृष्ठावरील जेपीईजी प्रत राहिली, तर उद्या शाल नाहीशी झाल्यावर तिच्या दशा कशा होत्या, हे त्या पांढऱ्या रंगापासून वेगळे करून सांगता येणार नाही. म्हणून लहान प्रती कितीही काढाव्यात, परंतु त्या ज्या प्रतीपासून काढावयाच्या ती हानिरहित व आल्फायुक्त असावी, एवढा एक नियम पाळला तरी निवडीतील बहुतेक चुका निस्तरता येतात.